कार्डाकडे बघत बसणं

आधी आकार नजरेसमोर आणा. रुंदी दीड इंचाला जरा कमी, उंची अडीच इंचाहून थोडी जास्त. काडेपेटीपेक्षा किंचित मोठा, जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा. 1909 ते 1911 या काळात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून असे तुकडे निघत. एका बाजूला बेसबॉलपटूचं रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला सिगारेटची जाहिरात.

पुढचा थोडा वेळ अशी काही कार्डं एकेक करून बघायची आहेत. घाई नको. कार्डाची किंमत बाजूला ठेवा, ते किती दुर्मीळ आहे हेही विसरा. कोपरे शाबूत आहेत का, हे तर अजिबात बघू नका. गेली कित्येक वर्षं मी ही कार्डं जमवतो आहे आणि हळूहळू माझी सगळी मतं एका प्रश्नाभोवती गोळा झाली आहेत. चौकटीने आतल्या माणसाला किती जागा दिली? प्रत्येक कार्ड समोर आलं की हा प्रश्न मनात धरा, आणि उत्तर येईपर्यंत नजर हलवू नका.

तर हे पहिलं कार्ड. संग्राहक या संचाला टी-206 म्हणतात. चारही बाजूंनी अरुंद पांढरी कड. खालच्या कडेत बारीक तपकिरी अक्षरांत आडनाव आणि गावाचं नाव, बाकी काही नाही. टाय कॉब या खेळाडूची या संचात चार कार्डं आहेत. त्यातलं हिरव्या पार्श्वभूमीचं घ्या. आधी चेहऱ्याकडे जाऊ नका. त्या हिरव्या रंगावर थांबा. तो सपाट नाही. कुठे गडद होतो, कुठे विरळ, आणि कुठे बदलतो ते नेमकं सापडत नाही. आता हळूच चेहऱ्यावर या. कॉब गंभीर आहे, तरुण आहे, आणि त्याच्या मागे कुठलंही मैदान नाही, गर्दी नाही. फक्त रंग आहे.

ही शिळाछपाई. दगडावर चित्र उतरवायचं, एकेक रंग वेगळा चढवायचा, आधीच्या रंगावर पुढचा अचूक बसवायचा. मराठी घरांत हे तंत्र अनोळखी नाही. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रं घरोघरी पोचली, ती याच पद्धतीने छापलेली. ज्यांनी ती जुनी चित्रं जवळून बघितली आहेत, त्यांना टी-206 मधली आभाळं ओळखीची वाटतील. बॅट घेऊन उभ्या असलेल्या कितीतरी खेळाडूंच्या मागे या संचात संध्याकाळ आहे, केशरी आणि जांभळट. खेळ दुपारी व्हायचा, तेव्हा मैदानावर दिवे नव्हते. तरी चित्रकाराने ही संध्याकाळ दिली. ती त्या माणसांना शोभते. मला तरी यापुढच्या कुठल्याही संचात इतकं मोकळं आभाळ सापडलेलं नाही.

याच संचात होनस वॅग्नरचं कार्ड आहे, जगातलं सगळ्यात प्रसिद्ध. 2022 साली त्याची एक प्रत 72 लाख 50 हजार डॉलरना विकली गेली. त्याच्या दुर्मीळपणाची दोन कारणं सांगितली जातात. तंबाखूबरोबर आपलं चित्र मुलांच्या हाती जावं हे त्याला पसंत नव्हतं, किंवा मोबदल्यावरून मतभेद झाले. ते राहू द्या. डोळे मिटा, तो आकडा मनातून जाऊ द्या, आणि मग चित्र आठवा. केशरी पार्श्वभूमी, मधोमध पाडलेला भांग, रुंद जबडा, सदऱ्यावर पिट्सबर्ग. चांगलं कार्ड आहे. कॉबच्या हिरव्या कार्डाइतकं चांगलं नाही. पैशांच्या आवाजात हे साधं मत कुणी मोठ्याने म्हणत नाही, म्हणून मी म्हणतो.

टी-206 हे नाव दिलं जेफरसन बर्डिक यांनी. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. सिरॅक्युजमधल्या एका कारखान्यात नोकरी करणारा हा माणूस, संधिवाताने बोटं आखडत गेलेली, आणि आयुष्यभर छापील कागदाचे तुकडे जमवणारा. ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ हे त्यांचंच काम. त्यांनी 3 लाखांहून अधिक तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. त्यांत 30 हजारांहून अधिक बेसबॉल कार्डं होती. स्वतः तिथे बसून, दुखत्या हातांनी, ती वह्यांमध्ये चिकटवली. हो, चिकटवली, गोंदाने. आजचा व्यापारी हे ऐकून कळवळेल, पण बर्डिक यांना कार्डं शेजारी शेजारी दिसायला हवी होती. त्यामुळे कुठल्या छापखान्याने कुठला निळा वापरला, कुणाची अक्षरं कुणी उचलली, हे एका पानावर कळतं. बघण्यासाठी जमवणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या वह्यांवरून समजलं.

आता बरीच वर्षं ओलांडू या. 1933 सालच्या बॉस्टनच्या गाउडी कंपनीच्या च्युइंगगमच्या कार्डांपाशी क्षणभर थांबा: त्यात बेब रूथ चार वेळा येतो, आणि पिवळ्या पार्श्वभूमीचा, 53 क्रमांकाचा रूथ फार देखणा आहे. तो पिवळा रंग सरळ अंगावर येतो, आणि रूथसारख्या माणसाला तसाच रंग हवा. पुढे चला.

1952. हे कार्ड हातात घेतलं की आधी बोटांना फरक कळतो, कारण ते मोठं आहे. उंची पावणेचार इंच, रुंदी अडीच इंचांहून थोडी जास्त. टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी वुडी गेलमन यांच्याबरोबर ते आखलं, ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. खालच्या भागाकडे बघा. नावाची पट्टी, तिच्याभोवती बारीक तारे, नावाखाली खेळाडूची छापील सही, बाजूला संघाचं रंगीत चिन्ह. आजवरची बहुतेक कार्डं या पट्टीचीच वंशज आहेत. नाव, सही, चिन्ह, चेहरा, एवढ्या चार गोष्टी एका तळहातावर कशा मांडाव्यात, हे या संचाने ठरवून टाकलं.

311 क्रमांकाचं मिकी मँटलचं कार्ड तुम्ही छायाचित्रात तरी बघितलं असेल. 2022 साली एक प्रत 1 कोटी 26 लाख डॉलरना गेली. या संचातली शेवटची, 311 पासून 407 पर्यंतची कार्डं उशिरा बाजारात आली आणि खपली नाहीत. उरलेली खोकी 1960 च्या सुमारास समुद्रात नेऊन बुडवली, असं बर्गर स्वतः सांगत. आता किंमत सोडून चित्र. कृष्णधवल छायाचित्रावर हाताने रंग चढवले आहेत, म्हणून गालांवर एक गुळगुळीत गुलाबी झाक आहे जी खऱ्या त्वचेवर नसते. मागे निळा रंग. बॅट खांद्याजवळ, नजर आपल्याकडे नाही, वर कुठेतरी. मुलगा स्वप्नात असल्यासारखा दिसतो.

आणि आता पुढचा क्रमांक, 312. जॅकी रॉबिन्सन. पार्श्वभूमी लाल, टोपी निळी, आणि तो हसतो आहे. मँटलवर थांबलात तेवढाच वेळ इथेही थांबा. लाल रंग मागे ढकलला न जाता पुढे येतो आणि त्या हसण्याला उजळ करतो. माझं मत विचाराल तर संपूर्ण 1952 च्या संचात याहून सुंदर कार्ड नाही, आणि त्याच्या शेजारच्या क्रमांकाला त्याच्या कित्येक पट किंमत येते याचं मला खरंच वाईट वाटतं.

थोडं थांबू या. डोळ्यांना विसावा द्या. रंगवलेली, सजवलेली, पट्ट्या लावलेली कार्डं बघून झाली. यापुढच्या कार्डावर काहीच नाही.

1953 चा बोमन कंपनीचा रंगीत संच, 160 कार्डं. पांढरी कड, आत बारीक काळी रेघ, आणि त्या रेघेच्या आत रंगीत छायाचित्र. नाव नाही. सही नाही. संघाचं चिन्ह नाही, क्रमांक नाही. कार्ड उलटण्याचा मोह होईल, कोण आहे ते वाचण्यासाठी. उलटू नका. नाव नसलं की आपण माणूस बघायला लागतो. सदऱ्याचं लोकरी कापड किती जाड आहे ते दिसतं. उन्हात बारीक झालेले डोळे दिसतात. मागचे प्रेक्षागारातले रिकामे बाक दिसतात, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीची वेळ असावी. टोपीच्या कडेखालची सावली कपाळावर पडलेली दिसते. 1952 च्या गुळगुळीत गालांनंतर ही खरी त्वचा आहे, आणि तिच्यावर ऊन आहे.

यातलं 33 क्रमांकाचं कार्ड आडवं आहे. सेकंड बेसवर एक खेळाडू हवेत उडालेला, खाली घसरत आलेला धावपटू आणि धूळ. बेसबॉल न खेळलेल्या वाचकासाठी एवढंच सांगतो: घसरत येणारा धावपटू फील्डरचे पाय उडवायला बघतो, आणि फील्डरला त्याच क्षणी त्याच्यावरून उडी मारून चेंडू पहिल्या बेसकडे फेकायचा असतो. एका चेंडूवर दोन बाद. हा उडालेला माणूस ब्रुकलिन डॉजर्सचा पी वी रीझ. त्याचं नाव मी सांगितलं, कार्डाच्या समोरच्या बाजूने सांगितलेलं नाही. नाव कळायच्या आधी दोन पाय, धूळ आणि ताणलेला हात मनात उतरले असतील, तर या कार्डाने आपलं काम केलं.

इतकी जागा आतल्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही संचाने दिली नाही. म्हणून कुणी सर्वोत्तम विचारलं तर बरेच जुने संग्राहक हाच संच सांगतात. मी बराच काळ तेच म्हणायचो. आजही हा संच समोर आला की उठवत नाही. तरी माझं मत सरकलं आहे, आणि ते का सरकलं ते पुढच्या संचात दिसेल.

मधे दोन कार्डं झरझर बघून घ्या. 1955 चं बोमन: रंगीत टीव्ही तेव्हा नवलाचा होता, म्हणून प्रत्येक खेळाडूला लाकडी टीव्हीच्या खोक्यात बसवलं आहे. बटणं आणि लाकूड मिळून कार्डाचा एवढा भाग खातात की माणूस खिडकीतून डोकावल्यासारखा उरतो. याच संचानंतर टॉप्सने बोमन विकत घेतली. दुसरं, 1972 चं टॉप्स: वर संघाचं नाव फुगीर अक्षरांत कमानीसारखं, रंगांची उधळण. तो काळ मला आवडतो, ती अक्षरंही आवडतात. पण खेळाडू बाजूला काढला तरी कार्डाचं फारसं बिघडणार नाही, हा माझा आक्षेप कायम आहे.

आता 1956 चं टॉप्स. 340 कार्डं, सगळी आडवी. इथे बसायचं आहे.

30 क्रमांक घ्या, पुन्हा जॅकी रॉबिन्सन. एका बाजूला मोठा चेहरा. बाकीच्या रुंदीत तोच माणूस, लहान आकारात, होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसकडे, घसरत येणारा. आधी चेहरा बघा. तो शांत आहे, तुमच्याकडे तोंड करून. मग नजर सरकवा. शरीर जमिनीशी आडवं, धूळ, वाकलेला कॅचर. मग परत चेहऱ्यावर या. असं दोन-तीनदा करा, श्वासाच्या लयीत. थोड्या वेळाने लक्षात येईल की हे कार्ड दोन वेगळ्या वेळा एकत्र ठेवतं: माणूस स्थिर असतानाची आणि माणूस जिवाच्या आकांताने धावत असतानाची. रॉबिन्सन म्हणजे होम प्लेट चोरणारा खेळाडू. चेंडू पिचरच्या हातात असताना धावत सुटून घर गाठण्याचं धाडस त्याने पुन्हा पुन्हा केलं. कृष्णवर्णीयांना बंद असलेल्या मोठ्या लीगमध्ये 1947 साली जो शिरला, त्याच्याकडे बघताना त्या शांत चेहऱ्यामागे काय दाबून ठेवलं असेल, हा विचार येतोच. 1953 च्या बोमनमध्ये एक तर चेहरा मिळतो किंवा उडी मिळते. इथे दोन्ही मिळतात, आणि दोन्हींच्या मधली जागा आपल्या नजरेला चालून जावी लागते. म्हणून माझं मत सरकलं. नाव-सहीची पट्टी इथेही आहे, रंगीत आहे, पण कोपऱ्यात बसली आहे आणि गप्प आहे.

चेहरा आदल्या वर्षीचाच आहे. 1955 च्या कार्डावरचं तेच चित्र टॉप्सने पुन्हा वापरलं. काटकसरच होती ती. पण दोन्ही वर्षांची कार्डं शेजारी ठेवली की एक गंमत घडते: चेहरा हललेला नसतो आणि तरी तो निराळा वाटतो, कारण मागची कृती बदलली आहे.

आता 31 क्रमांक, हँक ॲरन. हाही होम प्लेटकडे घसरतो आहे, अंगावर मिलवॉकी ब्रेव्ह्जचा सदरा. जरा निरखून बघा. हे घसरणारं शरीर ॲरनचं नाही. ते जायंट्सच्या विली मेजचं आहे. छायाचित्र त्याचं घेतलं आणि वर ब्रेव्ह्जचा पोशाख रंगवला. आता पुढच्या वर्षाचं, 1957 चं ॲरनचं कार्ड शेजारी ठेवा. या वर्षी टॉप्सने रंगकाम सोडून रंगीत छायाचित्रं घेतली, म्हणजे आता तरी खरं दिसायला हवं. पण निगेटिव्ह उलटी छापली गेली, आणि उजव्या हाताने खेळणारा ॲरन डावखुरा झाला. एका वर्षी दुसऱ्याचं अंग, दुसऱ्या वर्षी आरशातलं अंग. ज्या माणसाने पुढे 755 होमरन मारले, त्याची ही दोन कार्डं. या चुकांवर हसणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ही जोडी जवळची वाटते, कारण दोन्ही कार्डांवर चेहरा खरा आहे आणि चूक कळल्यावर आपण त्याच्याकडे अधिक नीट बघतो. पोशाखाखाली कुणाचे खांदे आहेत, मनगट कुठल्या बाजूला आहे, हे एरवी कोण तपासतं?

आणखी एक संच दाखवायचा राहिला, 1971 चा. काळी कड. वर संघाचं नाव मोठ्या रंगीत अक्षरांत, खेळाडूचं नाव लहान लिपीत. काळ्या कडेमुळे गवताचा हिरवा रंग खोल दिसतो. थर्मन मन्सनचं आडवं कार्ड बघा: कॅचर, धावपटू आणि धुळीचा लोट, सगळं काळ्या चौकटीत कोंडलेलं. ही कड भारी नाजूक. जरासा स्पर्श झाला की काळा रंग उडून खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो, म्हणून निष्कलंक प्रती फार थोड्या. माझ्याकडच्या बहुतेकांच्या कडा उडालेल्या आहेत आणि मला त्या तशाच हव्यात. कुणीतरी त्या हाताळल्या आहेत. प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करून वर गुणांचा आकडा चिकटवलेलं कार्ड हातात घेतलं की नजर आधी आकड्यावर जाते, मग कोपऱ्यांवर, आणि चित्रापर्यंत पोचेस्तोवर बघायची इच्छाच उरत नाही.

आता मघापासून अडवून धरलेलं काम करा. कार्ड उलटा.

1956 च्या पाठीवर तीन छोटी व्यंगचित्रं आहेत, खेळाडूच्या कारकिर्दीतले तीन प्रसंग. खाली आकडे. मी क्रिकेटवर वाढलो. बॅटिंगची सरासरी .300 असली की माणूस थोर, हे मला मैदानाने शिकवलं नाही, या पाठींनी शिकवलं. रॉबिन्सनच्या पाठीवर 1955 सालची सरासरी .256 आहे. त्याच्या मानाने फार कमी. समोरच्या बाजूला तो धूळ उडवत घर गाठतो आहे, पाठीवर तो थकतो आहे. त्याच 1955 साली ब्रुकलिनने पहिल्यांदा वर्ल्ड सीरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली, आणि 1957 च्या सुरुवातीला त्याने निवृत्ती जाहीर केली. खेळाडू म्हणून टॉप्सने काढलेलं त्याचं हे शेवटचं कार्ड.

1957 च्या संचात 30 क्रमांक पी वी रीझला मिळाला, बोमनच्या कार्डावर धुळीवरून उडालेल्या त्याच रीझला. आकारही याच वर्षी बदलला: अडीच बाय साडेतीन इंच, जो आजवर टिकून आहे. समोर छायाचित्र आणि साधी अक्षरं, पट्टी नाही, तारे नाहीत. पाठीवर टॉप्सने प्रथमच मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे ओळीने छापले. रीझची रांग 1940 पासून सुरू होते. 1943 ते 1945 तो नौदलात होता, तेव्हा त्या वर्षांचे खेळाचे आकडे नाहीत. बोट खाली सरकवा: 1946, मग 1947. याच दुसऱ्या वर्षी, 15 एप्रिलला, रॉबिन्सन त्याच्या संघातून पहिला सामना खेळला. या ओळीवर हवा तेवढा वेळ घ्या, मग कार्ड पुन्हा सुलटं करा आणि रीझच्या चेहऱ्याकडे बघा.